आर्देनचा जानेवारी, १/३५ मापात: हिवाळी युद्धदृश्याचा डायोरामा बांधताना

हिवाळी डायोरामासाठी, म्हणजे छोट्या मापात बांधलेल्या बर्फाळ दृश्यासाठी, मॉडेलचं किट विकत घेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: जागा, तारीख, दिवसाची वेळ आणि शेवटचा बर्फ पडून किती तास झाले. या चार गोष्टी ठरल्या की बर्फाची जाडी, गाडीवरचा पांढरा रंग, सैनिकांचे कपडे, त्यांच्या नाकाचा लालसरपणा, चाकोऱ्यांची खोली हे सगळं त्यातून निघतं. त्या न ठरवता सुरुवात केली, तर शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेवर पांढरी पूड भुरभुरवली जाते. मग फिगर, म्हणजे माणसांच्या छोट्या प्रतिकृती, कितीही चांगल्या रंगवलेल्या असोत, त्या त्या थंडीत उभ्या आहेत असं वाटत नाही.

इथे घेतलेलं दृश्य असं: बेल्जियममधलं आर्देनचं जंगल, बास्तोन्य गावाच्या आसपास, जानेवारी १९४५ चा पहिला पंधरवडा. सकाळचे दहा. रात्रीचा बर्फ थांबून चार-पाच तास झालेले, वारा पडलेला. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर एक अमेरिकन जीप नुकतीच येऊन थांबली आहे. चालक आत बसला आहे, एक सैनिक खांद्यावर पांढरी चादर घेऊन त्याच्याशी बोलतो आहे आणि तिसरा बांधावर पहाऱ्याला उभा आहे.

तारखेचा आग्रह का, तेही पाहा. दुसऱ्या महायुद्धातली इथली जर्मन चढाई १६ डिसेंबर १९४४ ला सुरू झाली, तेव्हा इथे धुकं आणि चिखल होता, बर्फ तुरळक. २३ डिसेंबरला आकाश निवळलं, कडाका पडला आणि चिखल गोठून टणक झाला. ज्या खोल बर्फाचे फोटो आपण नेहमी पाहतो तो मुख्यतः जानेवारीतला. लढाई २५ जानेवारीपर्यंत चालली. तेव्हा १८ डिसेंबरचं दृश्य करून त्यात गुडघाभर बर्फ घातला तर सगळी मेहनत वाया गेली. ती तारीख हवी असेल तर चिखल करा, तोही सुंदर होतो.

मापं

१/३५ मापात १ मीटर म्हणजे २८.६ मिमी. पावणेदोन मीटरचा माणूस ५० मिमी उंच. विलीज जीप सुमारे ९५ मिमी लांब, ४५ मिमी रुंद. १५ ते २० सेंमी बर्फ म्हणजे ४ ते ६ मिमी. जीपच्या पोटाखाली जेमतेम २२ सेंमी जागा असते, म्हणजे मॉडेलमध्ये ६ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बर्फाची मर्यादा तोच ठरवतो. ५ मिमी बर्फात जीप चालत आलेली पटते. १० मिमी केला तर ती रुतलेली दिसली पाहिजे, म्हणजे कोणीतरी ढकलतं आहे, कोणीतरी फावडं मारतं आहे. ते वेगळं दृश्य झालं.

पाया २० × १६ सेंमी पुरेसा आहे. नवशिक्याचा हात मोठ्या पायाकडे जातो आणि मग मोकळी पांढरी जागा भरता भरत नाही. बर्फात रिकामी जागा हिरवळीपेक्षा दुप्पट रिकामी दिसते. जीप पायाच्या कडेला समांतर ठेवू नका, १५ ते २० अंश तिरकी ठेवा. मागच्या कोपऱ्याकडे ३० ते ३५ मिमी उंचीचा बांध चढवा, पुढची कड १५ मिमीवर ठेवा. पहारेकरी बांधावर, चादरवाला जीपच्या दाराशी, चालक आत: तीन डोकी तीन उंचींवर आली की नजर आपोआप फिरते. चालक आणि चादरवाला एकमेकांकडे पाहतात. पहारेकरी पायाच्या बाहेर, झाडांकडे पाहतो. तिघांची डोकी एकाच दिशेला वळलेली असतील तर निदान एक मान कापून फिरवाच.

जमीन आधी, तीही पूर्ण

खालचा थर २५ मिमी जाडीच्या एक्सपीएस फोमचा, म्हणजे दाट, गोळ्या न सुटणाऱ्या फोमचा घ्या. नेहमीचा पांढरा थर्मोकोल कापताना गोळ्या सुटतात आणि स्प्रेच्या रंगाने विरघळतो. फोम ९ मिमी एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर) फेविकॉलने चिकटवा, वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर सोडा. एमडीएफची खालची बाजू आणि कडा आधीच रंगवून बंद करा. एका बाजूने ओल लागली की पाटी पन्हाळीसारखी वाकते आणि पुढे बर्फाला तडे जातात.

जमिनीचं मिश्रण या मापाच्या पायासाठी असं: भिजवून घट्ट पिळलेला कागदाचा लगदा ६० मिली, भिंतीची पांढरी पुट्टी ४० मिली, फेविकॉल ३० मिली, गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग दोन चमचे आणि बुरशी लागू नये म्हणून डेटॉलचे पाच-सहा थेंब. लगदा नीट पिळला नाही तर मिश्रण आठवडाभर ओलं राहतं. फोमवर आधी फेविकॉलचं पाणी फिरवा, मग सरासरी ३ मिमी थर द्या. रंग मिश्रणातच घालायचा, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने पृष्ठभाग बोटाला चिकटेनासा झाला की चाकोऱ्या काढा. जीपची सुटी चाकं पाण्यात बुडवून फिरवा, कोरडी चाकं मिश्रण उचलतात. या रस्त्यावरून जीपच्या आधी अडीच टनी जीएमसी ट्रक गेलेले असणार. त्यांच्या मागच्या जोडचाकांच्या रुंद, खोल खुणा आधी काढा आणि जीपच्या खुणा त्यांना छेदून जाऊ द्या. वाळायला दोन दिवस, पावसाळ्यात चार-पाच. उन्हात ठेवून घाई केली तर कडेने भेगा पडतात. त्या पडल्याच तर तेच मिश्रण पातळ करून भरा.

आता जमीन अशी रंगवा, जणू तिच्यावर बर्फ पडणारच नाही. वरून झाकायचं तर रंगवायचं कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण बर्फ सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. झाडाच्या बुंध्याशी, चाकोरीच्या भिंतीवर, बांधाच्या उभ्या अंगावर तो विरळ होतो आणि खालची माती डोकावते. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडांवर सगळा खरेपणा अवलंबून असतो. गडद तपकिरीवर फिक्या बदामी रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात), थोडं वाळलेलं गवत, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया म्हणून बारीक चिरलेला काथ्या. गोठलेली माती चकाकत नाही, ओल्या मातीपेक्षा फिकी दिसते. चकाकी फक्त चाकोरीत साचून गोठलेल्या पाण्याला द्या.

झाडं

आर्देनमध्ये लागवडीची स्प्रूसची जंगलं पुष्कळ आहेत: सरळ ओळी, सरळ खोडं, खालच्या फांद्या वाळलेल्या. १२ मीटरचं झाड या मापात ३४ सेंमी होतं, ते तुमच्या पायाला पेलणार नाही. दोन मार्ग आहेत. मागच्या कडेला दोन-तीन खोडं वरून कापलेली ठेवा, म्हणजे जंगल चौकटीबाहेर पुढे चालू आहे असं वाटेल. किंवा ४ ते ५ मीटरची तरुण झाडं करा, १२ ते १४ सेंमी उंचीची. दोन्ही एकत्र सर्वात चांगलं दिसतं.

तरुण स्प्रूससाठी २२ गेजच्या दोन तारा घ्या. त्यांच्यामध्ये ६ ते ७ सेंमी लांबीचा काथ्या विरळ पसरा, एक टोक पकडीत धरा, दुसरं ड्रिलमध्ये अडकवून सावकाश पीळ द्या. मग कात्रीने शंकूच्या आकारात छाटा. घट्ट छाटू नका. खऱ्या झाडाच्या फांद्यांमधून आरपार दिसतं. गडद तपकिरी रंग मारा, वाळल्यावर स्प्रे-गोंद आणि २ मिमीचं गडद हिरवं स्टॅटिक ग्रास (मॉडेलकामाचं बारीक तंतूंचं कृत्रिम गवत). काथ्या खूप घातला तर बाटली घासायचा ब्रश तयार होतो. तसं झालं तर नवीन करा, छाटून तो सुधारत नाही.

खोडासाठी खऱ्या काटक्या वापरणार असाल तर त्या आधी १०० अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवा. न तापवलेल्या काटकीत भुंगा असतो आणि वर्षभराने बर्फावर लाकडाचा भुगा पडलेला दिसतो.

जीप

किट बांधणीचा तपशील सूचनापत्रात असतो, तो इथे पुन्हा देत नाही. या दृश्यासाठी तीन निर्णय घ्यायचे: समोरची काच बोनेटवर पाडलेली, पुढच्या बंपरवर तारा कापणारा उभा लोखंडी दांडा आणि चाकांवर साखळ्या. दांडा प्लॅस्टिकच्या एल आकाराच्या पट्टीचा करता येतो. काच सुपरग्लूने कधीच चिकटवू नका, त्याच्या वाफेने ती पांढुरकी होते. फेविकॉलसारखा पांढरा पीव्हीए गोंद लावा. चाकं सध्या सुटी ठेवा.

मूळ रंग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकन लष्कराचा मळकट हिरवा. तामिया कंपनीचा त्या रंगाचा एक्सएफ-६२ सरळ बाटलीतून मारला तर बर्फाच्या पांढऱ्यासमोर जीप जवळजवळ काळी दिसते. त्यात एक पंचमांश एक्सएफ-६० (गडद पिवळा) मिसळा आणि आडव्या पृष्ठभागांवर अजून थोडा. एअरब्रशचा दाब १ बारच्या आसपास. डिकल (किटमधली पाण्याने चिकटवायची खुणांची चित्रं) लावण्याआधी चकचकीत क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, नंतर पुन्हा एक थर.

बर्फात लपण्यासाठी गाडीला फासलेल्या पांढऱ्या रंगासाठी हेअरस्प्रेची पद्धत वापरा. क्लिअर पूर्ण वाळल्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, पंधरा मिनिटं थांबा, मग तामियाचा पांढरा एक्सएफ-२ नऊ भाग आणि बदामी एक्सएफ-५७ एक भाग, पाण्याने पातळ करून. लॅकर थिनरने पातळ केलात तर रंग खाली घट्ट चिकटतो आणि सुटत नाही. तासाभराच्या आत कडक ब्रश पाण्यात बुडवून घासायला लागा. पुढे हे सगळं अवघड होत जातं.

कुठे घासायचं ते हात-पाय ठरवतात. खरी चुन्याची सफेदी झाडूने, मिळेल त्या ब्रशने, घाईत फासलेली असते. ती झिजते बसताना मांडी घासते तिथे, बूट टेकतो त्या कडेवर, बोनेटच्या कड्यांपाशी, पेट्रोलच्या कॅनच्या आसपास. ओरखडे वरून खाली ओढा, गोल फिरवू नका. सगळीकडे सारखे टवके काढले तर गाडी गंजलेल्या पिंपासारखी दिसते, थंडीतली वाटत नाही. जीपवर सफेदी केलीच पाहिजे असंही नाही. अनेक जीप्स हिरव्याच राहिल्या. मला अर्धी झिजलेली सफेदी आवडते, कारण तिच्यामुळे फिगर आणि गाडी एकमेकांपासून वेगळ्या दिसतात.

फिगर

बघणारा दृश्याकडे दोन हात अंतरावरून पाहतो, मग पुढे येऊन पहिल्यांदा चेहऱ्याकडे पाहतो. म्हणून अर्धा वेळ इथे जाऊ द्या.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे फिगरवर उठलेली रेघ ११ नंबरच्या पात्याने खरवडा, कापू नका. हेल्मेटच्या कडेवर आणि बाहीच्या आतल्या अंगाला ती हमखास राहून जाते. प्रायमरचा एक पातळ थर मारून उजेडात फिरवून पाहिलं की राहिलेल्या रेघा उघड्या पडतात. किटमधली डोकी मऊ असतील तर रेझिनची बदली डोकी घ्या. होर्नेट कंपनीची डोकी या कामासाठी वर्षानुवर्षं वापरली जातात. प्रत्येक पायातून ०.५ मिमीचं भोक पाडून १५ मिमी तार बसवा. ही तार नंतर पायाच्या फोममध्ये जाईल, रंगवताना पकडायलाही तीच कामाला येते.

पहारेकऱ्याला लांब ओव्हरकोट हवा. किटमध्ये नसेल तर मिलिपुट किंवा मॅजिक स्कल्प्ट या दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीचे दोन्ही भाग सारखे मळून कमरेखालचा घेर चढवा. एम-सील दाणेदार असतं. आतला भराव करायला चालतं, वरच्या कापडाला नको. पुट्टी लाटताना टाल्कम पावडर लावा, हत्यार ओलं ठेवा. सुरकुत्या पट्ट्यातून आणि खांद्यातून निघतात. कोटाचं जड लोकरीचं कापड मोठ्या, मोजक्या घड्या पाडतं. बारीक चुण्या पाडल्या की ते पातळ सुती वाटतं.

चादरीची गोष्ट उलटी. खरी चादर इतकी पातळ असते की या मापात पुट्टीने ती जमणं अशक्य. टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवून घ्या, फिगर रंगवून झाल्यावर खांद्यावर ठेवा, एकास एक पाण्याच्या पीव्हीएने भिजवा आणि ओल्या ब्रशने घड्या लावा. वाळली की दुसरा हात. बास्तोन्यजवळच्या हेमरूल गावातल्या लोकांनी डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सना बर्फात लपण्यासाठी घरातल्या चादरी दिल्या होत्या, आणि मेजर जॉन हॅनलन यांनी १९४८ मध्ये त्या गावाला नव्या चादरी परत नेऊन दिल्या. या चादरी घरच्या होत्या, हे रंगवताना लक्षात ठेवा: थोडा पिवळट पांढरा, एखाद्या कडेला बारीक शिवण, खालचा भाग चिखलाने मळलेला. बर्फासारखीच पांढरी ठेवलीत तर ती बर्फात हरवेल.

कपड्यांचे रंग वेगवेगळे ठेवणं हे हिवाळी दृश्यात फार महत्त्वाचं आहे. दुरून सगळे अमेरिकन सैनिक हिरवे वाटतात, पण त्यांच्या अंगावर दोन कुळांचे रंग असतात. एम-१९४३ जॅकेट हिरवट. ओव्हरकोट आणि लोकरीची पँट उबदार तपकिरी. व्हॅलेहो कंपनीच्या रंगांत जॅकेटसाठी ७०.८८७ मध्ये थोडा खाकी ७०.९८८, ओव्हरकोटसाठी ७०.९२१, पँटसाठी ७०.८७३. पट्टे आणि पाउच काही फिक्या खाकी, काही हिरवट अशी सरमिसळ करा. जुनं आणि नवं सामान एकाच माणसाच्या अंगावर असायचं. बुटांवरून चढवायचे चार बकलांचे काळे ओव्हरशूज किमान एकाला द्या. ते सगळ्यांना वेळेवर मिळाले नव्हते आणि पाय ओले राहून सडण्याने माणसं मोठ्या संख्येने निकामी झाली. म्हणून दुसऱ्याच्या पायात नुसते चामड्याचे भिजलेले बूट असू द्या, गडद आणि कडेला पांढुरके.

रंग किती पातळ असावा हा खरा गाभा आहे. मूळ थरासाठी रंग आणि पाणी एकास एक, दोन थर. उजळ थरांसाठी एकास तीन. ग्लेझसाठी, म्हणजे खालचा रंग दिसू देणाऱ्या पारदर्शक थरासाठी, एकास आठ-दहा, आणि ब्रश कागदावर टेकवून जादा पाणी काढल्यावरच फिगरवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, अशी ओली पॅलेट करून घ्या आणि रंगवताना पंखा बंद ठेवा. ब्रश ० किंवा १ नंबरचा, टोकदार. तीन शून्यांचा ब्रश घेतला तर रंग डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळलेला असतो.

चेहरा: मूळ थर ७०.८०३ आणि ७०.९५५ निम्मे-निम्मे. सावलीसाठी त्याच मिश्रणात ७०.९४१, नाकाच्या बाजूला, गालफडाखाली, हेल्मेटच्या पट्ट्याच्या कडेने. उजेडासाठी ७०.८१५ नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर, हनुवटीवर. मग थंडी. ७०.८०३ मध्ये लाल रंगाचा टिपका टाकून ग्लेझ करा आणि नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गालांचा मधला भाग यांवर दोन-तीनदा फिरवा. ओठ लाल नकोत; मातकट जांभळट, त्वचेपेक्षा अगदी थोडे गडद. जबड्यावर ७०.८६२ चं खूप पातळ ग्लेझ, कारण या माणसांनी आठवडाभर दाढी केलेली नाही. डोळ्यांत पांढरा रंग भरायचा मोह टाळा. बर्फाच्या झगमगाटात माणूस डोळे बारीक करतो. वरच्या पापणीची एक गडद रेघ आणि तिच्याखाली छोटी सावली पुरते. टपोरे पांढरे डोळे केले की तो सैनिक भूत पाहिल्यासारखा दिसतो.

आणि एक गोष्ट, जी फार कमी हिवाळी डायोरामांत दिसते. बर्फावरून उजेड खालून वर येतो. एरवी हनुवटीखाली, कोटाच्या घेराच्या आतल्या बाजूला, काखेखाली आपण गडद सावली देतो. इथे ती सावली अर्ध्यावर आणा आणि खालच्या बाजूला वळलेल्या कडांवर ७०.९०७ चं पातळ निळसर-करडं ग्लेझ द्या. हेल्मेटच्या कडेच्या खालच्या अंगाला, कोपराखाली, जीपच्या बंपरखालीही. असं केल्यावर फिगर टेबलावर विचित्र वाटते. बर्फात ठेवली की तिची आणि जमिनीची जोड जमते.

मॅट वार्निश बर्फ लावायच्या आधी. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रे कॅनचं वार्निश मारू नका. हवेतल्या ओलीने ते दुधाळ होतं आणि चेहऱ्यावरची सगळी मेहनत त्याच्यामागे जाते. ब्रशने लावायचं ॲक्रिलिक मॅट त्या दिवसांत सुरक्षित.

बर्फ

आधी काय वापरू नये ते. खायचा सोडा स्वस्त आणि शुभ्र दिसतो, पण काही महिन्यांत पिवळा पडतो, ओल धरतो आणि त्याची खपली निघते. मीठ ओल शोषतं आणि तारा गंजवतं. कापूस बर्फासाठी नको, इंजिनाच्या धुरासाठी नको आणि सैनिकाच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेसाठी तर मुळीच नको. पांढरी रांगोळी पिवळी पडत नाही, पण तिचा दाणा मोठा असतो. ०.३ मिमीचा दाणा या मापात १ सेंमीचा होतो, म्हणजे बर्फाऐवजी खडी दिसते. मलमलीच्या दुहेरी कापडातून चाळून खाली पडलेली पूड चाकोरीतल्या घट्ट, तुडवलेल्या बर्फासाठी चालेल.

वरच्या थरासाठी काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे, म्हणजे मायक्रोबलून्स, घ्या; रेझिनकामाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. हे हवेत तरंगतात आणि फुप्फुसात जाऊ नयेत, म्हणून एन-९५ मास्क लावूनच डबा उघडा. पंखा इथेही बंद.

मिश्रण: मायक्रोबलून्स तीन भाग, मॅट ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं ॲक्रिलिक माध्यम) एक भाग, टायटॅनियम व्हाइट पाव भाग, पाणी थेंबाथेंबाने, घट्ट श्रीखंडासारखं होईपर्यंत. या पायाला मायक्रोबलून्स ५० मिली पुरतात. फेविकॉल इथे वापरू नका, कालांतराने पिवळट होतो. मिश्रणात अल्ट्रामरीन निळ्याचा सुईच्या टोकाइतका अंश घाला. तो निळा दिसता कामा नये. मीडियमचा पिवळेपणा मारण्यापुरताच आहे.

क्रम चुकला तर सुधारणं कठीण, म्हणून तो नीट पाळा. आधी झाडं बसवा. मग जीप, तिची चाकं खालच्या चाकोरीत टेकलेली. मग जाड बर्फ जिथे हवा तिथे भिंतीची पुट्टी आणि लगद्याचा पांढरा भराव, जास्तीत जास्त ३ मिमी. संपूर्ण जाडी मायक्रोबलूनच्या मिश्रणाने चढवली तर ती वाळताना आकसते आणि फाटते. भराव वाळला की फिगर बसवा, बूट जमिनीच्या पातळीवर, भरावाच्या वर नव्हे. हिवाळी डायोरामातला सर्वात जास्त दिसणारा दोष हाच: सैनिक बर्फावर फरशीवर उभा राहावा तसा उभा असतो. पन्नास मिलिमीटरच्या माणसाचे बूट घोट्याच्या वरपर्यंत दिसेनासे व्हायला हवेत. तार फोममध्ये घालताना टोकाला थोडा इपॉक्सी लावा.

आता मिश्रणाचा १ ते १.५ मिमीचा थर, ओल्या ब्रशने ढकलत. झाडाखाली विरळ, मोकळ्या जागेत जाड, बांधाच्या एकाच बाजूला साचलेला. वारा कुठून आला ते ठरवा आणि प्रत्येक खोडाची तीच बाजू पांढरी करा. फांद्यांवर बर्फ वरच्या अंगालाच. वीस-तीस मिनिटांनी वर साय धरली की पावलं उमटवा. जुन्या फिगरचा एक पाय काडीला चिकटवून ओला करून दाबा. बुटाची खूण ८ ते ९ मिमी लांब, बर्फात चालणाऱ्याचं पाऊल आखूड पडतं म्हणून दोन खुणांत १५ ते १७ मिमी अंतर. पाय उचलताना किंचित पुढे ओढा, टाच घसटल्याची चर पडते. खोल बर्फात तळव्याची नक्षी दिसत नाही, फक्त भोक दिसतं. नक्षी तुडवलेल्या रस्त्यावर. पहारेकऱ्यापर्यंत त्याची पावलं गेली पाहिजेत. तो बराच वेळ तिथे असेल तर त्याच्या पायाखालचा दोन-तीन सेंमीचा गोल तुडवून सपाट, मळका करा. थंडीत माणूस एका जागी स्थिर उभा राहत नाही.

चाकोऱ्यांतला बर्फ वेगळा. तिथे मिश्रणात जमिनीचा तपकिरी थोडा मिसळा, चाकांच्या खुणा पुन्हा उमटवा आणि वाळल्यावर मोजक्या ठिकाणी चकचकीत वार्निश द्या. जीप चालत आली आहे, म्हणजे बोनेट गरम: त्यावर बर्फ नाही, नुसती ओल, कडांवर ठिपके. मागची सीट, सुटं चाक, चिखलपट्ट्यांचे कोपरे यांवर बर्फ राहतो. चाकांच्या आतल्या बाजूला तो चिखलासकट गच्च भरलेला असतो.

फिगरवर हात आखडता घ्या. पहारेकऱ्याच्या खांद्यावर आणि हेल्मेटच्या जाळीत थोडा. चालकाच्या अंगावर जवळजवळ नाही. कोटाच्या खालच्या कडेला ३ ते ४ मिमीचा गडद पट्टा रंगवा, कारण भिजलेली लोकर काळपट होते, आणि त्या पट्ट्यावर बर्फाच्या बारीक गुठळ्या. गुडघ्याला एखादा ओला डाग, म्हणजे तो मघाशी कुठेतरी टेकला होता.

शेवटचा हात कोरडा. मॅट मीडियम निम्म्या पाण्यात पातळ करून जिथे ताजा बर्फ हवा तिथेच लावा आणि चहाच्या बारीक गाळणीतून अर्धा हात उंचीवरून मायक्रोबलून्स भुरभुरवा; सगळ्या पायाला १० मिली खूप झाले. चाकोऱ्या आणि पावलांवर हा थर पडला तर तीही बर्फ पडण्याआधीची ठरतात. म्हणून त्या जागा ओल्या टिश्यूने झाकून ठेवा आणि भुरभुरवून झाल्यावर टिश्यू सरळ वर उचला. चमकी घालू नका. सकाळच्या उजेडात कण चमकतात हे खरं, पण विकत मिळणाऱ्या चमकीचा प्रत्येक कण या मापात बशीएवढा असतो.

दुसऱ्या दिवशी पायाकडे कडेने, डोळ्याच्या पातळीवरून पाहा. बुटांभोवती बारीक फट राहिलेली दिसेल, चाकांखाली उजेड दिसेल. तिथे पातळ मिश्रण ब्रशच्या टोकाने सोडा. या दहा मिनिटांच्या कामाने जीपला वजन येतं.

झाकण

बर्फावर बसलेली धूळ पुसता येत नाही, ब्रशने झटकली तर ती आत रुतते. म्हणून ॲक्रिलिकची पेटी काम सुरू असतानाच मोजून करायला द्या: पायापेक्षा दोन्ही बाजूंनी १ सेंमी मोठी, उंच झाडापेक्षा २ सेंमी उंच. मिश्रण पूर्ण सुकायला किमान आठवडा उघड्यावर ठेवा, नाहीतर आत कोंडलेल्या ओलीने पेटीच्या भिंतींवर धुकं धरतं आणि पुढे झाडांच्या काथ्याला बुरशी येते. खिडकीतलं थेट ऊन टाळा, बर्फ पिवळा पडण्याचं ते दुसरं मोठं कारण आहे. पायाच्या मागच्या बांधाखाली फोम कोरून छोटी खाच ठेवली असेल तर त्यात सिलिका जेलची पुडी मावते. ती पावसाळ्यात दर महिन्याला काढून तापवा आणि परत ठेवा.